दुसरा सिलिंडर

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या उजव्या अंगाला एक कालनिर्णय टांगलेले असते. त्यावर संकष्ट्या असतात, दूधवाल्याचे खाडे असतात आणि दर महिना-दीड महिन्याने एखाद्या चौकोनात पेन्सिलीने लिहिलेले दोनच शब्द असतात : 'सिलिंडर लावला.' ही प्रथा आईची. घरात दुसरा सिलिंडर आला तेव्हा मी शाळेत होतो. तोवर गॅस संपला की माळ्यावरचा रॉकेलचा स्टोव्ह खाली येई, त्याची पिन सापडत नसे आणि त्या दिवशीच्या भाजीला रॉकेलचा वास लागे. म्हणून दुसरा सिलिंडर दारात उतरला त्या संध्याकाळी वडील समाधानाने म्हणाले, "चला, काळजी मिटली."

आई म्हणाली, "मिटली कुठली? आता सुरू झाली. दुसरा लावला, की घरात एकच उरला असं समजायचं. त्याच दिवशी नंबर लावायचा."

मी मराठीचा प्राध्यापक. संतांच्या ओळींतून तीन-तीन अर्थ काढून विद्यार्थ्यांना हैराण करणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. पण आईच्या या वाक्यातला अर्थ कळायला मला वयाची सत्तेचाळीस वर्षे घालवावी लागली, आणि तेवढ्यासाठी अमेरिकेतल्या एका जंगलात रात्रभर कुडकुडावे लागले.

त्याचे असे झाले. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, १९९३ साली अमेरिकेला गेला तो तिकडचाच झाला. २०२३ मध्ये तो निवृत्त झाला. निवृत्त झाल्यावर आपल्याकडे माणूस सकाळी टेकडीवर जाऊ लागतो. दादाने चाकांवरचे घर वापरायला काढले. मोटारीमागे जोडून ओढायचे हे घर त्याने आधीच घेऊन ठेवले होते. तिकडे त्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. २०२४ च्या मे महिन्यात वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या आणि मला उन्हाळ्याची सुट्टी होती. दादाचा फोन आला, "ये. आपण दोघे यलोस्टोनला जाऊ." आई ब्याऐंशी वर्षांची, आमच्याकडे. मी वैशालीकडे पाहिले. बँकेतून नुकतीच येऊन ती कणीक मळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "जाऊन या. मी आहे ना." मी गेलो. तिचे 'मी आहे ना' मी किती सहज खिशात घातले, हे पुढे कळणार होते.

डेन्व्हरला दादाच्या अंगणात ते घर पाहिले आणि मी थक्क झालो. वीस-बावीस फुटांच्या लांबीत पलंग, मोरी, न्हाणीघर, तीन चुलींची शेगडी, फ्रिज, पाणी तापवायचा बंब आणि खोली उबदार ठेवणारी भट्टी! आमच्या पुण्याच्या जुन्या वाड्यातल्या बिऱ्हाडात याहून कमी सोयी होत्या आणि माणसे सहा होती. या सगळ्या संसाराचा प्राण मात्र घराबाहेर होता. ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर दोन सिलिंडर शेजारी शेजारी बसवलेले होते, जणू देवळापुढच्या दोन दीपमाळा.

"प्रत्येकी वीस पौंड, म्हणजे नऊ किलो," दादा सांगू लागला. "आत नुसता प्रोपेन. आपल्या घरच्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण असतं. ते इथे चालायचं नाही. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच हातपाय गाळतो, त्याची वाफच होत नाही. प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत दम धरतो."

दादा इंजिनियर. त्याला एक प्रश्न विचारला की तो चार उत्तरे देतो. सिलिंडर काठोकाठ कधी भरत नाहीत, ऐंशी टक्केच भरतात. उन्हाने आतले द्रव फुगले तर त्याला जागा हवी. मानेभोवतीच्या पट्टीवर रिकाम्या सिलिंडरचे वजन ठोकलेले असते. तेवढे एकूण वजनातून वजा केले की उरलेला गॅस कळतो. प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून गळला तर जमिनीलगत साचतो. त्यामुळे धोक्याची घंटा छताला न लावता पायाशी लावलेली. त्याला स्वतःचा वास नाही. आपल्याला येतो तो वास मुद्दाम घातलेला. मी माना डोलावीत होतो. शेवटी त्याने दोन सिलिंडरांच्या मधोमध बसवलेल्या एका वाटीएवढ्या यंत्रावर हात ठेवला आणि कौतुकाने म्हणाला, "आणि हा खरा हुशार गडी!"

तो रेग्युलेटर होता. दोन्ही सिलिंडरांच्या तोट्या उघड्या ठेवायच्या आणि खटका एकाकडे वळवायचा. तो सिलिंडर संपला की हे यंत्र आपण होऊन दुसऱ्यातून गॅस घेऊ लागते. शेगडीची ज्योत हलतसुद्धा नाही. फक्त यंत्रावरच्या काचेच्या खिडकीतली हिरवी खूण लाल होते.

"म्हणजे आपल्याला काही करायला नको?" मी विचारले.

"काहीच नको. सगळं आपोआप."

मी त्या खिडकीकडे पाहिले. आत लाल रंग होता. आता खोटे कशाला सांगू? मला तो दिसला होता. पण परक्या देशातले यंत्र, त्यावर शिकल्यासवरल्या थोरल्या भावाचा हात. मला वाटले, त्याचा रंगच तसा असेल. मी गप्प बसलो.

दोन दिवसांच्या प्रवासाने आम्ही यलोस्टोनला पोचलो. १८७२ साली अमेरिकेने हा मुलूख राखून ठेवला. जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून त्याचा लौकिक आहे. इथे धरणीच्या पोटातला अग्नी फार वर आला आहे. वाटेने जाता जाता जमिनीतून वाफा निघताना दिसतात, चिखल पिठल्यासारखा रटरटताना दिसतो. ओल्ड फेथफुल नावाचा उकळत्या पाण्याचा फवारा सुमारे दीड-दीड तासाने आकाशात उडतो, आणि माणसे बाकांवर बसून त्याची लग्नाच्या मुहूर्तासारखी वाट पाहतात. आम्हीही पाहिली. दादा घड्याळ पुढे करून म्हणाला, "बघ, खाली कुणी हिशेब ठेवतंय."

मुक्काम मॅडिसनच्या तळावर होता. उंची सहा हजार आठशे फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही बरीच जास्त. तिथे विजेची जोडणी मिळत नाही. स्वतःचे जनरेटर असेल तर ते दिवसाच लावायचे, रात्री आठनंतर बंद. म्हणजे रात्रीची सारी भिस्त प्रोपेनवर. पुण्यात पारा चाळिशीला असताना इथे रात्री पाण्यावर बर्फाची साय धरत होती.

तीन दिवसांत मी त्या गॅसचा संसार शिकलो. फ्रिजसुद्धा गॅसवर चालतो हे पाहून मी चकित झालो. मागे एक बारीकशी ज्योत जळते आणि तिच्या उष्णतेने नळ्यांतला अमोनिया फिरून पुढे थंडी तयार होते! अग्नीच्या पोटी बर्फ, हा विरोधाभास अलंकार वर्गात शिकवायला उत्तम. पण ही ज्योत मोठी गुणी. तिला एक सिलिंडर दहा-बारा दिवसही पुरतो. शेगडीचेही खाणे बेताचे. त्या उंचीवर पाणी त्र्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे डाळ लवकर शिजत नाही. पण वहिनींनी कुकर ठेवला होता, त्याने निभावले. खरी बकासुर ती भट्टी. सतत पेटती ठेवली तर चौदा तासांत अख्खा सिलिंडर फस्त करील. ती थांबून थांबून पेटते हे खरे, पण कडाक्याच्या रात्री निम्मा वेळ पेटती राहिली तरी एका रात्रीत सिलिंडरचा तिसरा हिस्सा गेला असे समजावे. हे गणित दादानेच मला दुसऱ्या दिवशी कागदावर करून दाखवले. "दोन सिलिंडर, म्हणजे सहा रात्री. आपण राहणार चार. काळजी नाही."

तिसऱ्या रात्री अडीच वाजता मला थंडीने जाग आली. भट्टीचा पंखा घुमत होता, पण वारा गार येत होता. मग पंखाही थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला, आत टकटक झाले, ज्योत काही लागली नाही. असे तीनदा झाले आणि यंत्राने नाद सोडला. दादा टोपी घालून, विजेरी घेऊन बाहेर गेला. नदीकाठच्या कुरणात गवे उभे होते, त्यांचे उच्छ्वास दिसत होते. मी दारातून पाहत होतो. त्याने एक सिलिंडर उचलून पाहिला, मग दुसरा. दोन्ही फुलासारखे उचलले गेले.

आत येऊन तो पलंगावर बसला. "एप्रिलमध्ये मी आणि तुझी वहिनी पाच दिवस डोंगरात होतो," तो हळूच म्हणाला. "पहिला तेव्हाच संपला असणार. यंत्रानं दुसरा लावून घेतला. मला कळलंच नाही. शेगडी विझली असती तर कळलं असतं."

"खूण लाल होती," मी म्हणालो. "मी निघायच्या दिवशीच पाहिली होती."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तो रंगच लाल असेल."

दादा माझ्याकडे पाहत राहिला आणि मग आम्ही दोघे इतके हसलो की गवे बिचकले असतील. हसून अंगात आलेली ऊब मात्र लवकर सरली. चहा करावा म्हटले तर शेगडी बंद. आमच्या खाली कोसन्‌कोस जमिनीत पाणी उकळत होते आणि आम्हाला वाटीभर गरम पाणी मिळण्याची सोय नव्हती. दादाने पलंगाखालच्या कप्प्यातून एक गोधडी काढली. ती ओळखायला मला उजेड लागला नाही. आईच्या जुन्या पातळांची. तो अमेरिकेला निघाला तेव्हा तिने शिवून दिलेली. लहानपणी गावाला झोपायचो तसे आम्ही दोघे, एक अठ्ठावन्न वर्षांचा आणि एक सत्तेचाळीसचा, एका गोधडीखाली बसलो.

"आई असती इथे, तर कॅलेंडरवर लिहून ठेवलं असतं तिनं," दादा म्हणाला.

"आई आता लिहीत नाही," मी म्हणालो. "वैशाली लिहिते. आई वर्षभरापासून फार विसरते."

"फोनवर तर छान बोलते."

मग मी ते सांगितले, जे सांगायचे नाही असे ठरवून आलो होतो. रविवारी दादाचा फोन यायच्या अर्धा तास आधी वैशाली आईला खुर्चीत बसवते, केस विंचरते आणि उजळणी घेते : दादाची लेक कोण, जावई कोण, तिचे दिवस भरत आलेत ना, मग काय विचारायचं? परीक्षेला बसवल्यासारखे. दहा मिनिटे आई छान बोलते. फोन ठेवला की विचारते, "कोण होता गं?"

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला का नाही कळवलंत?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी बारा वर्षे तयार होते. वडील गेले तेव्हापासून मी त्याला पैलू पाडत आलो होतो. ते मी आता दिले. म्हणालो, "तू विचारलंस कधी? तू गेलास आणि त्या यंत्रासारखा मी आपोआप लागलो. ज्योत हलली नाही, म्हणून तुला कळलं नाही, एवढंच. वडिलांचं आजारपण, आईचं ऑपरेशन, सगळं निभलं. म्हणून तुला वाटलं, दोन्ही भरलेले आहेत."

वाक्य उत्तम जमले होते. बोलून झाल्यावर मला जरा बरेही वाटले. दादाने प्रतिवाद केला नाही. इंजिनियर माणूस, दुःख झाले तरी तो माहिती गोळा करतो. त्याने विचारले, "रात्री किती वेळा उठते ती?"

मला सांगता येईना. "उठते दोन-तीनदा," मी अंदाजाने म्हणालो.

"गोळी कुठली देतात?"

मला रंग माहीत होता. पांढरी. नाव आठवेना.

"तिच्या खोलीत कोण झोपतं?"

"वैशाली."

"आणि सकाळी बँकेत जाते?"

"जाते."

दादा गोधडीचे टोक माझ्या पायांवर सारत म्हणाला, "म्हणजे तीन सिलिंडर आहेत तर."

तो टोमणा नव्हता. त्याच्या आवाजात कुठलाच विजय नव्हता, आणि म्हणूनच मला उत्तर सुचले नाही. बारा वर्षे मी स्वतःला ज्या जागी बसवून मनातल्या मनात हार घालीत होतो, ती जागा माझी नव्हतीच. मी केव्हाच संपलो होतो आणि माझ्या जागी कोणीतरी गुपचूप लागले होते. लाल खूण मला रोज दिसत होती : संध्याकाळी तिचे उंबऱ्यावर क्षणभर टेकणे, जेवताना लागलेली डुलकी, दोन वर्षांत एकदाही माहेरी न जाणे. मला वाटले होते, तो रंगच तसा असेल.

पहाटे उजाडताच आम्ही चौदा मैलांवरच्या वेस्ट यलोस्टोन गावात गेलो. पंपावरच्या माणसाने जाड हातमोजे घालून नळी जोडली, बाजूचा बारीक स्क्रू सैल केला आणि त्यातून पांढरी फुसफुस सुरू होताच भरणे थांबवले. ती ऐंशी टक्के झाल्याची खूण. तळावर परतल्यावर दादाने सांध्यांना साबणाचे पाणी लावून पाहिले. बुडबुडा आला नाही, म्हणजे गळत नाही. पहिली तोटी अगदी हळू उघडली; झटक्याने उघडली तर आतली सुरक्षेची झडप दगा झाला असे समजून गॅस अडवते. शेगडी पेटली. मी दुसऱ्या तोटीकडे हात नेला तर दादाने धरला.

"ती बंदच राहू दे."

"का? मग आपोआप कसं होणार?"

"व्हायलाच नको आपोआप. पहिला संपला की शेगडी विझेल. थंडीत बाहेर यावं लागेल, हातानं तोटी उघडावी लागेल. म्हणजे कळेल तरी, की आता एकच उरला."

तीस वर्षे अमेरिकेत राहून, एवढे थोर यंत्र विकत घेऊन, आमचा दादा आईच्या वाक्यापाशी येऊन पोचला होता. संध्याकाळी त्याने रिकाम्या वहीत पहिली नोंद केली : तारीख आणि पुढे 'सिलिंडर लावला.' मराठीत.

त्या दिवशी पुण्याला फोन केला. मी वैशालीला विचारले, "आई रात्री किती वेळा उठते गं?"

पलीकडे क्षणभर शांतता. "का हो? दादांना सांगायचंय का?"

"नाही. मला हवंय."

"चार वेळा," ती म्हणाली. आणि मग, बँकेतल्या आवाजात, एकेक करून सगळे सांगितले. मी लिहून घेतले.

यानंतर आमच्या घरी रामराज्य आले असे मी म्हणणार नाही. मी परतल्यावर आईच्या खोलीत एक दिवसाआड झोपू लागलो, आणि पहिल्या आठवड्यातच वर्गात एकदा फळ्याकडे तोंड करून डुलकी घेतली. रात्रीपुरती एक बाई ठेवली. तिचा पगार दादा पाठवतो. डिसेंबरात तो आणि वहिनी तीन महिने येऊन राहिले. पहिल्या दिवशी आईने त्याला विचारले, "आपण कुठले?" तो मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला. दुसऱ्या दिवसापासून त्याने तिचे पाय चेपायला घेतले. जानेवारीत वैशाली बहिणीबरोबर दहा दिवस कोकणात गेली. जाताना तिने मला चार पाने सूचना लिहून दिल्या.

त्या दहा दिवसांतली गोष्ट. सकाळी चहाच्या वेळी गॅस संपला. मी दुसरा सिलिंडर लावला, मोठ्या शिस्तीने पेन्सिल घेतली आणि कालनिर्णयावर लिहिले. आई दारात उभी होती. हल्ली ती तिथे येऊन नुसती उभी राहते. माझे नाव तिला त्या सकाळी आठवत नव्हते. तिने माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे पाहिले, चौकोनाकडे पाहिले आणि विचारले,

"दुसरा लावलास?"

"हो, आई."

"मग नंबर लावलास का?"

"लावला," मी म्हणालो. ती समाधानाने वळली. मी ती बाहेरच्या खोलीत पोचेपर्यंत थांबलो आणि मग फोन उचलला.